समोरच्या घरातलं पथ्य

“भावजी जेवले का?” मी दारातूनच विचारलं.

“कसला जेवतोय,” अक्का म्हणाल्या. “पिठलं-भात कालवून ताट पुढं ठेवलं, तर मागं सारलं. परवापासून नुसता चहा चाललाय, तोही बिनसाखरेचा. तू शेजारची आहेस, तूच सांगून बघ.”

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. मिरजेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार. एका घरात आठल्ये नवरा-बायको, म्हणजे भावजी आणि प्रभाताई, दुसऱ्यात मी एकटी. परवाच्या सकाळी प्रभाताई आठल्ये मंडईत भाजी घेताना मटकन खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा केदार बंगळुरूहून रातोरात आला. अक्का, म्हणजे भावजींच्या थोरल्या बहीण, सांगलीहून आल्या. आज तिसरा दिवस होता, केदार आणि बाकीचे पुरुष अस्थी घेऊन कृष्णाघाटावर गेले होते.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक जेवण पाठवतात. ओट्यावर डब्यांची रांग लागली होती: पिठलं-भात, दहीभात, मऊ खिचडी. सगळा भातच. या घरात आठ महिन्यांत तांदळाचा दाणा शिजला नव्हता, हे तिथं जमलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं.

भावजींना आणि मला मधुमेह निघाला तो एकाच उन्हाळ्यात. डॉक्टरही एकच. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे काही महिने जेवणाऐवजी पावडरची पाकिटं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेक पाकीट पाण्यात घुसळून प्यायचं, रात्री वाटीभर भाजी, बस्स. दुसरा म्हणजे भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर जवळजवळ बंद करायचं आणि भाज्या, पनीर, अंडी, दाणे, ताक यांवर पोट भरायचं.

“दोन्हींनी साखर उतरते,” डॉक्टर म्हणाले होते. “तुम्हाला निभेल ते धरा.”

मी पाकिटं धरली. का, ते कुणाला सांगितलं नाही. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि एका माणसापुरती आमटी करणं मला अजून जमत नव्हतं. कितीही बेतानं केली तरी उरायचीच, आणि संध्याकाळी तीच आमटी गरम करताना घर अंगावर यायचं. पाकिटाचं तसं नव्हतं. ग्लास विसळला की जेवण झालं.

प्रभाताईंनी दुसरा रस्ता धरला. आजारी भावजी होते, पण पथ्याचा ध्यास प्रभाताईंनी घेतला. ज्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं, तिथं त्या ऑम्लेट करायला शिकल्या. फ्लॉवर किसून, तो परतून त्याचा भात करायच्या आणि वर कढी. रोज दुपारी भाजी निवडायला म्हणून परात घेऊन माझ्याकडे यायच्या आणि माझ्या ओट्यावरचा पाकिटांचा डबा बघून तोंड वाकडं करायच्या.

“हे जेवण नव्हे गं शैला. गुरांचं आंबोण आहे हे.”

“माझी साखर एकशेदहा आलीय, प्रभाताई. भावजींची?”

“एकशेचाळीस. पण माणूस ढेकर देऊन पाटावरून उठतो.”

हा वाद रोजचा. कधी त्या रागावून जायच्या, पण दुसऱ्या दिवशी परात घेऊन हजर. एकदा मी म्हणाले होते, “भावजींनाही पाकिटंच द्या की. तुमचे दिवसाचे चार तास वाचतील.” दोडक्याच्या शिरा काढता काढता त्यांनी विचारलं, “वाचवून काय करू त्या तासांचं?”

भावजी खिडकीजवळच्या कॉटवर बसले होते. खाली सतरंजीवर चार-पाच बायका होत्या. जानेवारीचा महिना, बाहेर गारठा, आणि भावजींच्या सदऱ्याची पाठ ओली झालेली. कपाळावर घाम. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

“भावजी, दोन घास खाऊन घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला.

“भात नको,” ते म्हणाले. “भात चालत नाही मला.”

“गोळी घेतलीत का?”

“घेतली. रोज घेतो. एक चुकवली नाही.”

त्यांनी खिडकीच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं. तिथं गोळ्यांचा सात खणांचा डबा होता. दर रविवारी प्रभाताई तो भरून ठेवायच्या. कालचा खण रिकामा होता, आजचाही. प्रभाताईंनी भरलेल्या गोळ्या त्यांनी नेमानं घेतल्या होत्या, आणि प्रभाताईंनी बंद केलेला भात नेमानं नाकारला होता. बाकी पोटात काहीच नव्हतं.

“प्रभा,” ते अक्कांकडे वळून म्हणाले, “पंखा लाव गं जरा.”

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. “भ्रम झालाय याला,” त्या म्हणाल्या. सतरंजीवरची एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, दुःख असंच बाहेर पडतं.

पण ते दुःख नव्हतं. पाकिटं सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला असंच झालं होतं. डॉक्टरांनी बंद केलेली गोळी मी चुकून घेतली होती. कपडे वाळत घालता घालता हात कापायला लागले, अंगाला दरदरून घाम, दोरी कुठं आणि चिमटा कुठं कळेना. गॅलरीतून प्रभाताईंनी पाहिलं म्हणून निभावलं. पोट रिकामं असलं तरी गोळी आपलं काम करतच राहते. साखर उतरत जाते, आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही तर माणूस बेशुद्ध होतो. कधी त्यातून उठतही नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. डबे उघडले. त्या घरात साखर नव्हती, गूळ नव्हता, मधसुद्धा नव्हता. मी धावत माझ्या घरी आले. डॉक्टरांनी जवळ ठेवायला सांगितलेली ग्लुकोजची पुडी होती, ती ग्लासभर पाण्यात रिकामी केली आणि पुन्हा समोर गेले. अक्का कॉटसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

“काय आहे त्यात?”

“ग्लुकोज.”

“डायबिटीसच्या माणसाला? या घरातून एक गेली, तेवढं पुरेसं नाही झालं?”

“अक्का, त्यांची साखर उतरलीय. हात लावून बघा अंगाला. आत्ता नाही दिलं तर तासाभरात अॅम्ब्युलन्स बोलवावी लागेल.”

त्यांनी भावजींच्या मानेला हात लावला. ओला झालेला हात बघत त्या बाजूला झाल्या.

मी ग्लास भावजींच्या ओठांशी नेला. एक घोट आत गेला आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

“गोड आहे,” ते म्हणाले.

“हो, पण प्यायचंय.”

“प्रभा रागावेल.”

त्यांनी हातानं ग्लास ढकलला. थोडं पाणी माझ्या साडीवर सांडलं. मी पुन्हा पुढं केला, त्यांनी मान फिरवली. अक्का म्हणाल्या, “दत्तू, पी रे,” पण त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटायला लागले होते.

एकतीस वर्षं मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. पलीकडच्या माणसाला धीर वाटावा असा एक आवाज त्या नोकरीत तयार होतो. नोकरी सुटून चार वर्षं झाली होती, तरी त्या वेळी तो आवाज आपोआप आला.

“भावजी, प्रभाताईंनीच पाठवलंय हे. त्या मंडईत आहेत. मी येईपर्यंत संपवून ठेवायला सांगा, म्हणाल्यात.”

भावजींनी डोळे उघडले. “कधी येणारे?”

“येतीलच एवढ्यात. तुम्ही प्या.”

त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. मी खालून आधार दिला. घोट घोट करत त्यांनी सगळं पाणी संपवलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“पिशवी जड असेल तिची,” ते म्हणाले. “मला खाली जायला हवं.”

“मी जाते. तुम्ही बसा.”

मी घरून थोडी साखर आणून आणखी अर्धा ग्लास दिला, तोही ते प्यायले. मग आम्ही सगळ्या नुसत्या बसून राहिलो. हळूहळू त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला, बोटं थांबली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. सतरंजीवरच्या बायका, अक्का, मी. परवा जिथं प्रभाताईंना ठेवलं होतं, त्या कोपऱ्यात पणती तेवत होती. नजर तिथं गेली आणि थांबली.

बऱ्याच वेळानं ते मला म्हणाले, “ती नाही येणार.”

“नाही.”

“तुम्ही म्हणालात...”

“खोटं बोलले मी, भावजी.”

त्यांनी मान हलवली आणि हातातला ग्लास कट्ट्यावर जपून ठेवला. तीन दिवसांत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, असं अक्का सगळ्यांना सांगत होत्या. त्या दुपारी ते रडले. अक्कांनी त्यांना धरलं. मी उठून बाहेर आले.

माझ्यामागोमाग अक्काही दोन दारांच्या मधल्या जागेत आल्या.

“जीव वाचवलास, हे खरं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण एकदा मेलेली बायको त्याला पुन्हा एकदा मरताना दाखवलीस. हे नसतं केलंस तर बरं झालं असतं.”

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी माझ्या घरात येऊन ओल्या साडीनंच खुर्चीवर बसले. दुपारचं पाकीट राहिलं होतं. ते मी केलं नाही.

संध्याकाळी केदारनं बेल वाजवली. डॉक्टरांना फोन झाला होता. गोळी सध्या बंद, मशीनवर साखर बघत राहायची, आणि काही करून पोटात अन्न गेलं पाहिजे.

“मावशी,” तो म्हणाला, “बाबा भाताला हात लावत नाहीत. आई त्यांना काय करून घालायची तेच मला माहीत नाही. फोनवर सांगायची, पण मी नीट ऐकलं नाही कधी. तुम्हाला माहितीये?”

मला माहीत होतं. त्यातला एक घासही मी कधी चाखला नव्हता, पण रोज दुपारी वाद घालता घालता प्रभाताईंचा सगळा स्वयंपाक मला पाठ झाला होता. मी केदारला फ्लॉवर, दोडकी आणि ताक आणायला पाठवलं. कितीतरी महिन्यांनी किसणी खाली काढली. बोटाचं सालपट निघालं, फोडणी जरा करपली. ताट वाढून समोर नेलं आणि भावजींच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

“यात पाणी राहिलंय,” ते म्हणाले. “किसल्यावर पिळून घेते ती.”

पण ताटात काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पिळून घ्यायला लागले. तेराव्यापर्यंत दोन्ही वेळचं मीच नेत होते. दुधी, भेंडी, पनीर, दाण्याची चटणी, कढी. ते जेवेपर्यंत स्टुलावर बसायचं, ताट घेऊन परत यायचं आणि मग आपलं पाकीट ग्लासात ओतायचं. एका दुपारी भावजींनी विचारलं, “तुम्ही कधी जेवता?”

“माझं असतं ते पाकिटाचं. घरी जाऊन पिते.”

“मग इथंच आणा की.”

तेव्हापासून मी ग्लास घेऊन जायला लागले. ते ताटावर आणि मी ग्लास घेऊन समोर. माझं लगेच संपायचं, म्हणून मी सावकाश प्यायला शिकले. अक्का येता-जाता बघायच्या. माझ्याशी फार बोलायच्या नाहीत, पण दहाव्या दिवशी किसणी मागून घेतली आणि म्हणाल्या, “दाखव मला. माझ्याकडे राहायला आला कधी, तर लागेल.”

भावजी अक्कांकडे जायचे नव्हते. केदार त्यांना बंगळुरूला नेणार होता. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. केदार आतल्या खोलीत सामान बांधत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. मी संध्याकाळचं ताट नेलं, माझा ग्लासही होता.

“त्या दिवसाचं एक बोलायचं राहिलंय,” भावजी म्हणाले.

मी ग्लास खाली ठेवला. अक्का बोलल्या तेच हे आता बोलणार, असं मला वाटलं. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते.

“मला सगळं आठवत नाही,” ते म्हणाले. “पण ग्लास हातात होता ते आठवतं. तेव्हा ती मंडईत होती आणि येणार होती. तिची पिशवी जड असणार, आपण खाली जाऊन घेतली पाहिजे, असं मनात चाललं होतं.” त्यांनी कढीची वाटी उचलली, पुन्हा ठेवली. “गेली त्या सकाळी मी पेपर वाचत होतो. ‘जाऊन येते’ म्हणाली. मी ‘हं’ म्हणालो. मान वर केली नाही. नंतर फोन येईपर्यंत ती घरात नाही हेसुद्धा माझ्या लक्षात नव्हतं. त्या दुपारी तुमच्यामुळं मला तिची वाट बघता आली. थोडाच वेळ, पण नीट वाट बघितली मी तिची.”

आत केदार सुटकेसची चेन लावत होता, त्याचा आवाज येत राहिला. भावजी पुन्हा जेवायला लागले. ताट स्वच्छ झाल्यावर मी ते उचलून घरी आले.

घासता घासता सहज मनात आलं, उद्या माझी साखर अशी उतरली आणि मी तोंड मिटून घेतलं, तर मला प्यायला लावायला कुणाचं नाव घ्यावं लागेल? आई गेली होती. दुसरं नाव मला सुचलं नाही. मी ताट पुसून फळीवर ठेवलं. ते त्यांचंच होतं, सकाळी परत द्यायचं होतं.

सकाळी केदार पाया पडला. “मावशी, तब्येतीला जपा,” म्हणाला. भावजी जिन्यावरून हळूहळू उतरले, खाली जाऊन गाडीत बसले. समोरच्या दाराला कुलूप लागलं. माझ्या फ्रिजमध्ये अर्धा गड्डा फ्लॉवर उरला होता. दोन-तीन दिवस मी तो नुसताच बघत होते, मग त्यावर काळे ठिपके पडले आणि टाकून दिला. किसणी वरच्या कपाटात गेली. मी पुन्हा पाकिटांवर आले. माझी साखर उत्तम होती. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू साध्या जेवणावर यायला हरकत नाही. मी हो म्हणाले आणि येताना पाकिटांचा नवा डबा घेऊन आले.

महिना-दीड महिन्यानं एका दुपारी भावजींचा फोन आला.

“शैलाताई, इथं मलाही पाकिटं सुरू केलीत,” ते म्हणाले.

“अरे वा.”

“केदार आणि सूनबाई सकाळी आठला बाहेर पडतात. त्यांनी तरी केव्हा किसत बसायचं? डॉक्टरांना विचारूनच केलंय सगळं. साखर एकशेपाच आहे.”

“मग चांगलंच आहे की.”

“हो, तक्रार नाही काही.” त्यांच्याकडं काहीच आवाज नव्हता, ना रस्त्याचा, ना भांड्यांचा. “चवीचंही काही नाही हो. पण दोन मिनिटांत संपतं. मग पुढं सगळा दिवस पडलेला असतो.”

माझ्या ओट्यावर नुकताच विसळलेला ग्लास पालथा घातलेला होता.

“तुम्ही काय केलंत आज?” त्यांनी विचारलं.

“मेथी,” मी म्हणाले. “लसणाची फोडणी, वर दाण्याचं कूट. आणि फ्लॉवरचा भात.”

“पिळून घेतलात?”

“घेतला.”

“कढी?”

“केलीय. आलं घालून.”

“हिंग जरा जास्त घालायची ती.”

“जास्तच घातलाय.”

“बरं झालं,” ते म्हणाले. आवाज सैल झाला होता. “मग बसा जेवायला. गार होईल.”

फोन ठेवून मी फळीवरची हिंगाची डबी काढून पाहिली. रिकामी होती. पिशवी घेतली, पायांत चपला अडकवल्या आणि मंडईच्या रस्त्याला लागले.